ढिगाऱ्याला कान लावणारे पंच

कबड्डीत पंचाचं खरं काम सुरू होतं ते काहीच दिसेनासं झाल्यावर. चढाई करणारा मध्यरेषेपासून हातभर अंतरावर आडवा, घोट्याला एक जण लोंबकळलेला, कमरेला दुसरा, पाठीवर आणखी दोघं-तिघं झेपावलेले आणि वर धुळीचा लोट. कुणाचा हात कुणाच्या खाली, रेषा कुठे गेली, पलीकडे गेलेली बोटं नक्की कुणाची, काही म्हणता काही कळायचं नाही. अशा वेळी आमच्या लहानपणीचे पंच धावत यायचे, एक गुडघा मातीत टेकायचे आणि त्या ढिगाऱ्याला जवळजवळ कान लावायचे. आतून ‘कबड्डी कबड्डी’ येतंय का, एवढंच ते ऐकत असायचे. येत असेल तर चढाईवाला जिवंत, झटापट चालू. आवाज तुटला की शिट्टी, एक हात वर, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल असा एकच शब्द: “बाद!”

हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांनी कबड्डी पाहिली ती टीव्हीवर, निळ्या-केशरी मॅटवर, कोपऱ्यात उलटे पळणारे तीस सेकंद आणि मागे ढणाणा वाजणारं गाणं. पंच कानाने निकाल देतो ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटते. पण आमच्या मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळ-प्रभादेवीच्या पट्ट्यात, ज्यांनी रात्री जागून सामने पाहिले, त्यांना विचारा. चांगला पंच कोण, तर ज्याचे कान चांगले तो, हे तिथलं सरळ गणित होतं.

त्याचं कारण खेळातच होतं. तेव्हा चढाईचं घड्याळ म्हणजे खेळाडूची छाती. मध्यरेषा ओलांडण्याआधी दम, म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’चा घोष, सुरू करायचा, समोरच्या अंगणात असेपर्यंत तो एका श्वासात, स्पष्ट आणि ऐकू येईल असा चालू ठेवायचा, आणि तो असतानाच परतायचं. तीस सेकंदांची मर्यादा पुढे आली. आधी ज्याची छाती मोठी त्याची चढाई मोठी. त्यामुळे चढाई सुरू झाली की मैदानाच्या दोन बाजूंना असलेले दोन पंच रेषेबाहेरून चढाईवाल्याबरोबर सरकत राहायचे. नजर त्याच्या पायावर, कान तोंडाकडे. स्वयंपाकघरात न जाता कुकरच्या शिट्ट्या अचूक मोजणाऱ्या आईसारखं ते ऐकणं असायचं. दुसऱ्या कामात लक्ष आहे असं वाटायचं, पण चुकायचं काही नाही.

आणि चुकवणारे काय कमी होते? श्वास चोरणं ही तर एक कलाच होती. ‘कबड्डी’ या शब्दात शेवटच्या ‘डी’नंतर एक बारीक फट राहते. मुरलेला चढाईपटू त्या फटीतून हवा ओढून घ्यायचा आणि वर चेहरा असा की जणू अजून पहिल्याच श्वासावर आहे. कुणी आवाज इतका खाली आणायचा की नुसते ओठ हलतात की खरंच दम आहे हे कळू नये. कुणी समोरच्या अंगणात दोन पावलं गेल्यावर हळूच दम सुरू करायचा. मग पंचाचा आवाज यायचा, “उशिरा दम! मागे!” चढाईवाला माघारी, चढाई समोरच्यांना. प्रेक्षकांतून लगेच शिव्या, “पंच, कान साफ करून या!” गंमत अशी की टीकासुद्धा कानांवरच व्हायची. डोळे तपासून घ्या असं आमच्याकडे क्रिकेटच्या अंपायरला म्हणत.

ढिगाऱ्यातला निवाडा मात्र दम आहे की नाही, एवढ्यावर भागायचा नाही. नियमात एक बारकावा होता, अजूनही आहे: चढाईवाल्याचं तोंड दाबून त्याचा दम बंद पाडता येत नाही. तसं केलं तर तो बाद ठरत नाही. आता पाच माणसांच्या खाली अडकलेल्याचा आवाज बंद झाला, तर तो स्वतःहून तुटला की कुणाच्या तळव्याने तुटला? तुटण्याचा आवाज दोन्हींत वेगळा असतो. छाती रिकामी झाली की दम विरत जातो, शेवटचे ‘कबड्डी’ पातळ आणि घाईचे होतात. तोंड दाबलं की तो शब्दाच्या मध्येच तटकन थांबतो. आमच्या भागात एक पंच होते, दिवसा गिरणीत सांच्याखात्यात, म्हणजे मागांवर, आणि संध्याकाळी मैदानात. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात काम करणाऱ्या माणसाला हा फरक कसा ऐकू येत असेल, याचं आम्हाला भारी नवल वाटायचं. ते “बाद” म्हणायच्या आधी क्षणभर थांबायचे. तेवढ्या क्षणात दोन्ही बाजूंचे खेळाडू ओरडत असायचे, “गेला, गेला, दम गेला!” आणि “तोंड दाबलं पंच, तोंड!” ते कुणाकडेच पाहायचे नाहीत. मग यायचा तो निकाल. त्यावर कुरकुर व्हायची, पण मी स्वतः पाहिलेल्या सामन्यांत तरी त्यांचा निकाल बदलून घेण्याची हिंमत कुणी केली नाही.

डोळ्यांच्या बाबतीत त्या पंचांना एक साक्षीदार मिळायचा, तो म्हणजे माती. दुपारीच पाणी मारून, ढेकळं फोडून, चाळून, चोपून तयार केलेली लाल माती. तिच्यावर फक्कीने आखलेलं तेरा बाय दहा मीटरचं मैदान. पहिल्या दहा मिनिटांतच पांढऱ्या रेषा पायांखाली विस्कटायच्या, पण मातीवर ठसा राहायचा. बचाव करणाऱ्याचा पाय अंतिम रेषेबाहेर गेला की नाही यावर वाद झाला, की पंच शांतपणे त्या जागी जाऊन उकिडवे बसायचे. टाचेचा खळगा रेषेच्या आत की बाहेर, बोटं कुठून घासत गेली, हे बघून बोट दाखवायचे. झटापटीत तर नियम आणखी नाजूक: शरीराचा काही भाग बाहेर टेकला तरी दुसरा भाग आत टेकलेला असेल तर खेळाडू बाद नाही. मग कोपर बाहेर आणि गुडघा आत असा हिशोब मातीवरच्या खुणांवरून लावायचा. हे सगळं होईपर्यंत भोवती रिंगण जमायचं आणि रिंगणातल्या एखाद्याने मुद्दाम ठशावर पाय फिरवला की खरं भांडण पेटायचं.

शिवाय गोंधळ शेजारच्या मैदानाचाही. मोठ्या स्पर्धांत एकाला लागून एक अशी तीन-चार मैदानं. सगळीकडे एकाच जातीच्या शिट्ट्या. शेजारची शिट्टी वाजली की इकडचा बचावपटू आपलीच समजून पकड सोडायचा आणि चढाईवाला मध्यरेषा गाठायचा. “आमची शिट्टी नाही!” हे वाक्य मी पंचांच्या तोंडून जेवढं ऐकलंय तेवढं दुसरं कुठलंच नसेल. म्हणून जुने पंच शिट्टीवर विसंबत नसत. शिट्टीमागोमाग तोंडाने सांगायचे, कोण बाद, किती गुण, कुणाला. बोटं वर करून गुणलेखकाकडे वळायचे आणि त्याने मान हलवल्याशिवाय पुढची चढाई सुरू होऊ द्यायचे नाहीत. संजीवनी पद्धतीत बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. त्यामुळे कोण आधी गेला हेही लक्षात ठेवायला लागायचं. अंतिम रेषेशी बसलेले दोन सहायक ती यादी ठेवत. सगळ्यांच्या वर सरपंच. दोन पंचांची मतं फुटली तर शेवटचा शब्द त्यांचा.

हा सगळा थाट एका दिवसात उभा राहिला नव्हता. हुतूतू, हुडूडू अशा गावोगावच्या नावांनी आणि गावोगावच्या नियमांनी चाललेल्या खेळाला एका चौकटीत बसवायचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यात आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळात झालं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशी लोकांपुढे देशी खेळ करून दाखवले. बुवा साळवींनी तर आयुष्यच या खेळाला दिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाला आणि भारताने सुवर्ण जिंकलं. हे सगळं उभं करणाऱ्या माणसांनी नियमपुस्तक केलं तेव्हा त्यात दम आधी होता, बाकी सगळं त्याच्याभोवती. पंच हा दमाचा राखणदार होता.

जुनं ते सगळं सोनं असं मला बिलकुल म्हणायचं नाही. यजमान मंडळाचा संघ अंतिम फेरीत आणि पंच त्याच गल्लीतले, असले सामने आम्ही पाहिलेत. चवड्याला बोटाचा ओझरता स्पर्श झाला की नाही, हे दहा फुटांवरून कुणाला दिसणार? ज्याचा आरडाओरडा मोठा, त्याला गुण मिळायचा. स्पर्श झालेला बचावपटू स्वतःहून हात वर करून बाहेर गेला तर टाळ्या पडायच्या, कारण तसं करणारे थोडे होते. दुर्गम गावच्या जत्रेतल्या सामन्यानंतर पंचांना मागच्या वाटेने एसटी स्टँडपर्यंत पोचवावं लागे, हेही खरंच. मुलींच्या सामन्यांत पकडीच्या वेळी पंच किती जवळ येणार, हा संकोच दोन्ही बाजूंना असायचा. तेव्हा स्त्री-पंच फारशा नव्हत्या. आज आहेत, आणि ही सुधारणा मला कॅमेऱ्याहून मोठी वाटते.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयच्या सभागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. गिरणगावापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर. ज्यांनी आयुष्यभर मातीत खेळ पाहिला ते तिकीट काढून आत गेले आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसून कबड्डी पाहिली. मॅट, बूट, दिवे, चढाई करणाऱ्याच्या नावाचा पुकारा. खेळाडूंच्या हातात पैसा आला, आईबाप पोराला “कबड्डी खेळून काय मिळणार” हे विचारायचे थांबले. याबद्दल ज्याला वाईट वाटत असेल त्याने आधी जुन्या खेळाडूंच्या घरी जाऊन यावं.

पंचाचं काम मात्र मुळापासून बदललं. आता चढाईचा हिशोब घड्याळ ठेवतं. शेवटच्या पाच सेकंदांत पंच दम नाही, आकडे मोजतो. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता का, हे मुख्यतः नजरेचं काम. ते पडताळायला टीव्ही पंच. एखाद्या कप्तानाला पटलं नाही की तो “सर, रिव्ह्यू” म्हणतो. पडद्यावर चित्र थांबतं, पुढे-मागे होतं, मोठं होतं, आणि बोटाच्या टोकाने बनियनचा धागा हलला की नाही हे सगळं स्टेडियम एकदम बघतं. पूर्वी ज्या स्पर्शावरून आयुष्यभराची दुष्मनी व्हायची, तो आता मिनिटभरात मिटतो. हे चांगलंच झालं, वाद नाही.

पण दम? नियमपुस्तकात तो अजून आहे. खेळाडू ‘कबड्डी’ म्हणतातही, काही तोंडातल्या तोंडात, काही नुसत्या ओठांनी. पंच तो ऐकत नाही असं मी म्हणणार नाही, त्याला ऐकूच येणं अवघड आहे. चढाई चालू असताना संगीत, निवेदक, ढोल. चढाईवाला पूर्ण जखडला गेलाय असं दिसलं की शिट्टी वाजते. इजा होऊ नये म्हणून ते बरंही आहे. ढिगाऱ्याजवळ गुडघा टेकून कान लावणारा पंच मात्र मला पडद्यावर अजून दिसलेला नाही. ढीगच मुळी तेवढा वेळ टिकत नाही. पूर्वी पाच जणांच्या खालून एकेक इंच सरकत, विरत चाललेल्या दमावर मध्यरेषेला बोट लावणारा चढाईपटू हा खेळातला सर्वांत थरारक प्रसंग होता. प्रेक्षक श्वास रोखून गप्प बसायचे, कारण त्यांनाही तोच आवाज ऐकायचा असायचा. हजारभर माणसांची ती शांतता कुठल्या डीजेला आणता येणार आहे?

कॅमेऱ्याने सगळे गोंधळ मिटतात, हा समज तर ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊमध्ये पार उडाला. आशियाई स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. त्याच दिवशी आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं होतं. पुरुषांचा सामना २८-२८ असा बरोबरीत, खेळ जेमतेम मिनिटभराचा उरलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श न करताच लॉबीत, म्हणजे कडेच्या एक मीटरच्या राखीव क्षेत्रात गेला. स्पर्श होईपर्यंत ते क्षेत्र खेळात नसतं. म्हणजे तो बाद. पण त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. जुन्या नियमाने तेही बाद. प्रो कबड्डीत बदललेल्या नियमाने फक्त चढाईवाला बाद. चित्र सगळ्यांना दिसत होतं, पुन्हा पुन्हा दिसत होतं, काय घडलं याबद्दल फारसा वादच नव्हता. वाद होता कुठला नियम लावायचा यावर. गुण एकदा एका बाजूने दिले गेले, मग फिरले, मग पुन्हा. आधी एक संघ मॅटवर बसला, मग दुसरा. सामना तासभर थांबला. अखेर भारताच्या बाजूने निर्णय लागला आणि ३३-२९ असा विजय मिळाला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, म्हणून आमच्याकडे दुपारपासून टीव्हीपुढून कुणी उठलं नव्हतं. सुवर्ण मिळाल्याचा आनंद झालाच. पण तो तास बघताना मला सारखी त्या गिरणीतल्या पंचांची आठवण येत होती. ते बरोबर असोत की चूक, त्यांचा “बाद” एकदाच यायचा. हांगझोऊत शिट्ट्या होत्या, हातवारे होते, पडदे होते, पंचांची गर्दी होती, आणि मैदानाच्या मध्यभागी उभं राहून मोठ्याने एक वाक्य बोलणारा कुणी नव्हता.

मला वाटतं, खरी तफावत इथे आहे. जुना पंच निकाल देताना आपला आवाज पणाला लावायचा. त्याने काय ठरवलं आणि का, हे सगळ्यांना एकाच वेळी, त्याच्याच तोंडून कळायचं. नवा पंच अधिक शिकलेला आहे, परीक्षा देऊन आलाय, पक्षपाती असण्याची शक्यताही कमी. पण त्याला बोलायचीच सवय राहिलेली नाही. तो पडद्याकडे बघतो, कानातल्या यंत्राकडे लक्ष देतो, बोटं वर करतो. त्याने कॅमेरा टाकून द्यावा असं कुणी म्हणणार नाही. पडद्यावर जे दिसलं ते, आणि त्यावर लावलेला नियम, हे दोन वाक्यांत स्पष्ट, मोठ्याने सांगायला काय हरकत आहे? लॉबीतल्या गोंधळात तर ते बंधनकारकच हवं.

आपल्या गल्लीतल्या आणि जिल्ह्यातल्या स्पर्धांना तर कॅमेराही नाही. तिथे हल्ली मॅट आली, विजेच्या झगमगाटात घोषणा होतात, प्रेक्षकांतलाच कुणी मोबाइलवर काढलेलं चित्र नाचवत “रिव्ह्यू, रिव्ह्यू” ओरडतो, आणि पंच बिचारा मधल्या मधे. मातीवरचा ठसा गेला, पडदा आला नाही, आणि ऐकायला जावं तर पलीकडे डीजे. म्हणजे त्याच्याकडचे जुने साक्षीदार आपण काढून घेतले आणि नवे काही दिले नाहीत. अशा ठिकाणी पंचावर ओरडण्याचा आपल्याला फारसा अधिकार उरत नाही.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. दिवे लावा, बक्षिसं वाढवा, निवेदकाला हवं तेवढं बोलू द्या, पण चढाईच्या पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत स्पीकर बंद ठेवा. पंचाला दम ऐकू येऊ द्या, आणि निकाल दिल्यावर माइक आधी त्याच्या हातात द्या.